चकचकीत स्टील आणि पितळेवरचे ओरखडे कसे काढायचे?

उंबरठा
जिन्याच्या स्टील रेलिंगवर कपाट घासून ओरखडे पडले आहेत. पाइप 304 ग्रेडचा, 50 मिमी व्यासाचा, 1.5 मिमी जाडीचा, मिरर फिनिश. एक ओरखडा वीतभर लांब आहे, पाइपला समांतर, आणि त्यात नख अडकतं. बाकीचे बारीक आहेत, तिरप्या उजेडातच दिसतात. रेलिंग जागेवर वेल्ड केलेलं असल्यामुळे काढता येणार नाही. ड्रिल आणि 100 मिमीचा, वेग कमी-जास्त करता येणारा ग्राइंडर आहे. ब्रासोने पुसलं की ओरखडे कमी झाल्यासारखे वाटतात, पण ओल्या फडक्याने पुसल्यावर पुन्हा तसेच. कुठल्या नंबरच्या पेपरपासून सुरुवात करावी? आणि किती भाग घासावा लागेल?

बफिंगवाला
ब्रासोचा तेलकट अंश आणि बारीक पूड चरीत जाऊन बसते, म्हणून ओरखडा गेल्यासारखा दिसतो. पुसलं की चर रिकामी होते. ओरखडा ही धातूत पडलेली चर आहे, ती भरून निघत नाही. आजूबाजूचा धातू चरीच्या तळापर्यंत उतरवायचा, एवढा एकच उपाय आहे. 1.5 मिमी जाडीच्या पाइपमधून मिलिमीटरचा अगदी लहान अंश कमी होणार आहे, त्याने ताकदीत फरक पडत नाही. फरक पडतो तो आकारात. उथळ खळगा झाला तर आरशासारख्या पृष्ठभागावर प्रतिबिंब वाकडं दिसतं, आणि ते ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यात येतं.

दोन्ही प्रकारच्या ओरखड्यांचं काम वेगळं करा.

बारीक ओरखड्यांना 1200 चा पेपर पुरतो. पुष्कळदा तोही लागत नाही, हिरव्या लस्टरने (मेणात घट्ट केलेल्या पॉलिशच्या कांडीने) बफ केलं, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने घासलं, की जातात. आधी बफ करून बघा आणि उरतील तेवढ्यांनाच पेपर लावा.

नख अडकणाऱ्या ओरखड्याला 400 पासून सुरुवात करा. दोन-तीन मिनिटं घासूनही चर जशीच्या तशी दिसली तर 320 वर या. 240 च्या खाली जायचं काहीच कारण नाही. 240 च्या पेपरचे कण साधारण 58 मायक्रॉनचे असतात, 320 चे 46, 400 चे 35, 600 चे 26, 800 चे 22, 1200 चे 15 आणि 2000 चे 10. जितका जाड कण, तितकी त्याची स्वतःची रेघ खोल, आणि ती रेघ पुढच्या पेपरने तुम्हालाच काढायची आहे. म्हणून ओरखडा ज्याने निघेल असा सगळ्यात बारीक पेपर निवडायचा.

काळा वॉटर पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात दहा मिनिटं भिजवून ठेवा. बादलीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. पाणी निघालेली पूड वाहून नेतं, पेपर चोंदत नाही. कोरडं घासलं तर पूड पेपराला चिकटून गोळा होते आणि नव्या रेघा पाडते.

लेथमास्तर
पाइपसाठी एक भर. बोटाने पेपर दाबून एकाच जागी घासलं की पाइप तिथे चपटा होतो. खोल ओरखड्यासाठी कापडी पाठीचा इमरी पट्टा घ्या, 25 ते 40 मिमी रुंद. पाइपभोवती अर्धा वेढा घालून, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तसा दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढा. गोलाई टिकते. कागदी पेपर असा ओढला तर फाटतो.

ओरखडा पाइपला समांतर आहे हे सोयीचं झालं. पट्टा आडवा फिरतो, त्यामुळे चर आणि तुमच्या रेघा काटकोनात येतात आणि चर किती उरली ते स्पष्ट दिसतं. पुढचा नंबर लांबीच्या दिशेने घासायचा. त्यासाठी पेपर रबराच्या तुकड्यावर किंवा जाड फेल्टवर गुंडाळा, तो पाइपच्या गोलाईला बसतो. त्याच्या पुढचा पुन्हा पट्टा, आडवा. दर नंबरला दिशा बदलायची आणि मागच्या नंबरची एकही रेघ उरली नाही अशी खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळी फसगत इथेच होते. 400 च्या चार रेघा राहिल्या आणि तुम्ही 800 वर गेलात, तर 800 ने त्या निघत नाहीत, फक्त कडा गोल होतात. पेपरवर असताना त्या मॅट पृष्ठभागात लपतात आणि बफ मारल्यावर चकचकीत पृष्ठभागावर ठसठशीत दिसतात. मग पुन्हा 600 पासून सुरुवात.

बफिंगवाला
अगदी बरोबर. तपासायची पद्धतही लिहून ठेवतो. ओरखड्यावर काळ्या परमनंट मार्करने आडव्या रेघा मारा. शाई चरीत उतरते. वरची शाई लगेच निघते, चरीतली चर संपेपर्यंत राहते. शाईची शेवटची रेष गेली की तो नंबर झाला. नंतर कोरडं पुसून मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. वरून पडलेल्या उजेडात काहीच कळत नाही.

किती भाग घासायचा: पहिला नंबर चरीच्या दोन्ही बाजूंना साधारण 20 मिमी. पुढचा प्रत्येक नंबर आधीच्या भागाच्या 30-40 मिमी बाहेरपर्यंत. म्हणजे वीतभर ओरखड्यासाठी शेवटी जवळपास अर्धा मीटर पाइप बफखाली येईल. तेवढा येऊ द्या. कडेला हात हलका ठेवला की जुनं-नवं जोडलेलं दिसत नाही.

धातुकण
पेपर हातात घेण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या.

पहिली, पृष्ठभाग खरंच स्टीलचा आहे का. सोनेरी, रोझ गोल्ड किंवा काळ्या रंगाच्या चकचकीत रेलिंगवर बहुतेकदा पीव्हीडीचा, म्हणजे निर्वातात वाफेतून चढवलेला रंगीत थर असतो. तो जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा असतो, पेपर लावला की खालचं रुपेरी स्टील उघडं पडतं आणि घरी तो थर परत देता येत नाही. नळांचंही तसंच. नळ पितळेचा, त्यावर निकेलचा थर, आणि सर्वांत वर मायक्रॉनहूनही पातळ क्रोम. ओरखडा पितळेपर्यंत गेला असेल तर उपाय नवीन प्लेटिंग हाच. वरवरचा असेल तर मऊ कापड आणि क्रोमचं पॉलिश, बस. फ्रिजच्या दारावर पुष्कळदा स्टीलसारखी दिसणारी फिल्म लावलेला पत्रा असतो, तिथे तर हातच लावू नये.

दुसरी, ग्रेड. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. बाजारात बरीच रेलिंगं 202 ची असतात, त्यात निकेल निम्म्याच्या आसपास आणि त्याऐवजी मँगनीज. चुंबकाने हा फरक कळत नाही, दोन्ही ग्रेड जवळपास अचुंबकीयच असतात. पॉलिश करायची पद्धत तीच, पण 202 ला गंज लवकर धरतो, त्यामुळे शेवटच्या सफाईत कसर ठेवू नका.

ग्राइंडर वापरणार असाल तर तापमान सांभाळा. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते, त्यामुळे घासलेली जागा एकटीच तापते. 300 अंशांच्या आसपास फिकट पिवळी झाक येते, मग तपकिरी, जांभळी, आणि 540 च्या सुमारास निळी. ही झाक म्हणजे जाड झालेला ऑक्साइड, आणि त्याच्या खाली क्रोमियम कमी झालेला थर असतो. नुसती झाक पुसून भागत नाही, तो थरही घासून काढावा लागतो, नाहीतर गंजाची सुरुवात तिथूनच होते. हात ठेवता येणार नाही इतका पाइप तापला की थांबा, ओलं फडकं फिरवा.

उंबरठा
सोनेरी नाही, साधं रुपेरी आहे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून खोल ओरखडा पटकन काढता येईल का? दुकानात 80 ची डिस्क सुचवली.

लेथमास्तर
नको. 80 ची फ्लॅप डिस्क वेल्ड सपाट करायला आहे. मिरर पाइपवर तिने दोन सेकंदांत असा खळगा पडतो की तो काढायला पूर्ण पाइपवरचा धातू उतरवावा लागेल. त्याच डिस्कने आधी साधं लोखंड घासलेलं असेल तर लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि काही दिवसांत तांबूस ठिपके उठतात. वायर ब्रश आणि तारेची घासणी यांचाही हाच दोष. स्टेनलेससाठीचे पट्टे, बफ, फडकी सगळं वेगळं ठेवा.

बफिंगवाला
माझं मत थोडं वेगळं आहे. 80 नकोच, पण कारखान्यात आम्ही हाताने 1200 पर्यंत जात नाही. 400 झाला की सायसलचा (घायपाताच्या धाग्यांचा) बफ आणि काळं कटिंग लस्टर. सायसल 400 च्या रेघा सहज काढतो. मग शिवलेला कापडी बफ आणि हिरवं लस्टर. हाताने 600, 800, 1200 करण्यात वेळ जातो.

लेथमास्तर
कारखान्यातल्या मोटरवर ते बरोबर आहे. हिशोब करून पाहू. 200 मिमीचा बफ मिनिटाला 2800 फेऱ्यांवर फिरला तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे 29 मीटर येतो. ड्रिलवर 100 मिमीचा बफ त्याच 2800 फेऱ्यांवर घेतला तर 15 मीटरही भरत नाही. स्टेनलेस कठीण, त्याला 30 मीटरच्या आसपास वेग हवा. ड्रिलच्या वेगात सायसल 400 च्या रेघा कापत नाही, नुसत्या चमकवतो. म्हणून ड्रिल वापरायचा असेल तर हाताने 1200 पर्यंत जायलाच हवं, जमलं तर 2000.

व्हेरिएबल ग्राइंडर 5000 वर ठेवला तर 100 मिमीच्या बफला 26 मीटर मिळतात. तेवढ्यात काम होतं. मात्र बफवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा वाचा. साधा ग्राइंडर 11000 फेऱ्यांचा असतो, त्यावर कापडी बफ लावूच नये. टाके सुटून कापडाच्या चिंध्या होतात.

बफिंगवाला
मान्य. ड्रिलसाठी 1200, ग्राइंडर 5000 वर असेल तर 600-800 नंतर सायसल.

बफिंगचं पुढचं सांगतो. लस्टरची कांडी फिरत्या बफला एक-दोन सेकंदच टेकवायची. जास्त लावलं की काळा चिकट थर पाइपवर बसतो आणि तो घासण्याच्या नादात माणूस दाब वाढवतो. काळा थर दिसला की लस्टर बंद, बफ स्वच्छ करा. जुन्या करवतीच्या पात्याचे दात फिरत्या बफला हलकेच लावले की साचलेलं लस्टर निघतं.

कटिंग करताना बफ शेवटच्या पेपरच्या रेघांना आडवा चालवा. एकाच दिशेने फार वेळ मारलं की बारीक खड्ड्यांमागे धूमकेतूसारख्या शेपट्या उठतात. शेवटचा हात मात्र लांबीच्या दिशेने, हलका, नव्या सुट्या कापडाच्या बफने, अगदी थोड्या लस्टरवर. काळ्या लस्टरचा बफ हिरव्याला वापरायचा नाही, आणि पितळेचा स्टीलला नाही. दोन लस्टरमध्ये पाइप साबणाने धुवा. काळ्याचा एक कण हिरव्या बफमध्ये गेला की तोच ओरखडे पाडत राहतो.

सगळं झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा थिनरने पुसून पुन्हा टॉर्चखाली बघा. लस्टरमधलं मेण रेघा झाकतं, तुमच्या ब्रासोचं झालं तसंच. मेण निघाल्यावर जे दिसेल ते खरं.

धातुकण
सुरक्षेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. बफ नेहमी कडेपासून बाहेरच्या दिशेने सरकेल असा धरा. सुट्या टोकावर किंवा पट्टीच्या कडेवर बफ आदळला तर मशीन हातातून उडतं. हातमोजे घालून बफ चालवू नका, ओढणी, पदर, सुटे केस, लोंबती बाही काहीच जवळ नको. गॉगल आणि धुळीचा मास्क लागतोच. स्टीलच्या ठिणग्या उडत असलेल्या जागी ॲल्युमिनियमची पूड साचू देऊ नका, ती पेट घेते. लस्टर आणि तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका.

सांजवात
पितळेच्या समईबद्दल विचारायचं होतं. हिरव्या घासणीने घासल्यामुळे खांबावर आणि तबकावर सगळीकडे बारीक रेघा आल्या आहेत. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी सगळं झालं. रंग उजळतो, रेघा तशाच. समईला पेपर लावणं योग्य आहे का?

लेथमास्तर
ताई, चिंच-लिंबाचं आम्ल काळपट ऑक्साइड विरघळवतं, धातू कापत नाही, म्हणून रेघा राहणारच. हिरव्या घासणीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, स्टीलवर चरे पाडतात तर पितळेवर किती पडतील. ती आधी बंद करा. आम्लही मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबूस-गुलाबी डाग पडतात. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तो डाग जात नाही.

समईचे भाग आट्यांवर बसवलेले असतात, ते फिरवून सुटे करा. घट्ट झाले असतील तर आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवा, पक्कड थेट लावू नका, कापड गुंडाळून धरा. सुटे झाले की प्रत्येक भाग लेथवर केलेला आहे हे कळेल, सगळ्या कड्या गोल फिरतात. घासायचंही त्याच गोल दिशेने. इथे दर नंबरला दिशा बदलायचा नियम लागू नाही, कारण खाचांमध्ये आडवा हात चालत नाही आणि आडव्या रेघा कड्यांवर फार उठून दिसतात.

पितळ मऊ असल्यामुळे 800 पासून सुरू करा, पाणी-साबणात, हलक्या हाताने. मग 1200, मग 2000. खाचांसाठी पेपरची पट्टी दुमडून तिची कड वापरा, किंवा सुती दोरीला लस्टर चोळून ती खाचेत फिरवा. उठावाच्या धारांवर जोर देऊ नका, धार गेली की समई बोथट दिसते आणि ती परत येत नाही. नक्षी कोरलेली असेल तर तिथे पेपर नाही, फक्त ब्रासो आणि मऊ दातांचा ब्रश.

बफ असेल तर तपकिरी ट्रिपोली लस्टर, नंतर लाल रूज. हिरवं इथे लागत नाही. बफ नसेल तर 2000 नंतर ब्रासो आणि जुन्या सुती साडीचा तुकडा. हाताने चांगली चमक येते, तबकासारख्या सपाट भागावर वेळ लागतो इतकंच. शेवटी साबणाने धुवून लगेच कोरडी करा, ओल राहिली की त्याच दिवशी डाग धरते.

धातुकण
सांजवात ताई, समई नवीन असेल तर तिच्यावर लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर, आहे का बघा. लॅकर असला तर लिंबाने रंग उजळत नाही, तुमच्या समईचा उजळतोय म्हणजे बहुधा नाही. आणि घरात जुन्या पंचधातूच्या मूर्ती किंवा चांदीचा मुलामा दिलेली भांडी असतील तर त्यांना हे काहीही करू नका. मुलामा 2000 च्या पेपरनेही निघतो. आतून कल्हई केलेल्या पितळी पातेल्यालाही आतून पेपर लावायचा नाही. कल्हई गेली की आंबट पदार्थाशी तांबं-पितळ थेट भिडतं. ओरखडा खोल असेल तर पुन्हा कल्हईच करून घ्या.

किनारा
रेलिंग समुद्रापासून फार दूर नसेल तर? इकडे रत्नागिरीत 304 च्या रेलिंगवर चहासारखे डाग सर्रास दिसतात, आणि जिथे कुणी पॉलिश पेपर मारून सोडला आहे तिथे सगळ्यात आधी.

धातुकण
निरीक्षण अचूक आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या रेघांमध्ये मीठ आणि ओल अडकते, पावसाने धुतली जात नाही. म्हणून किनाऱ्यावर पृष्ठभागाचा खरखरीतपणा सरासरी 0.5 मायक्रॉनच्या आत ठेवावा असं सांगतात. 320 वर काम सोडलं तर तो हिशोब हमखास चुकतो. किनाऱ्यावर ओरखडा काढायला घेतला तर बफपर्यंत न्यायचाच, अर्धवट सोडण्यापेक्षा ओरखडा ठेवलेला बरा. नवीन बसवताना 316 घ्या, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, क्लोराइडपुढे ते टिकतं.

आणि बफ झाल्यावर पृष्ठभाग सायट्रिक ॲसिडने धुवा. किराणा दुकानात मिळतं ते चालतं. लिटरभर पाण्यात 50 ते 100 ग्रॅम, त्यात सुती कापड भिजवून पाइपला गुंडाळा आणि किमान 20 मिनिटं ओलं ठेवा. मग भरपूर पाण्याने धुवून पुसा. रुतलेले लोखंडाचे कण विरघळतात आणि क्रोमियम ऑक्साइडचा थर स्वच्छ जागेवर नीट तयार होतो. संडास साफ करायचं ॲसिड त्याऐवजी कधीच नाही, ते हायड्रोक्लोरिक, स्टेनलेसला टोचल्यासारखे खड्डे पाडतं. ब्लीचही तसंच.

उंबरठा
400 ने चर निघाली, 320 लागला नाही. आता 800 वर आहे. एक अडचण: ओरखड्याचं एक टोक एल्बोच्या (पाइपच्या वळणाच्या) वेल्डजवळ जातं, तिथे पट्टा फिरत नाही. आणि त्याच जिन्यातल्या लिफ्टच्या दाराचा पत्रा रेघांच्या फिनिशचा आहे, त्यावरही ओरखडे आहेत. तोही असाच करायचा का?

बफिंगवाला
लिफ्टचं दार अजिबात असं नाही. ते हेअरलाइन फिनिश, बफ मारला तर मधोमध आरशाचा डाग दिसेल. तिथे सपाट लाकडी ठोकळ्यावर मरून रंगाचं नायलॉन पॅड लावा आणि मूळ रेघांच्या दिशेने, पत्र्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढा. मध्ये थांबायचं नाही, मागे-पुढे करायचं नाही. मनगट वळलं की कमानी उठतात. ओरखडा खोल असेल तर आधी 240-320 पेपरने, तोही त्याच दिशेने. आजूबाजूच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावा.

एल्बोसाठी पट्टा उभा फाडून 8-10 मिमीची चिंधी करा आणि वळणाच्या आतल्या बाजूने ओढा. ती पोचत नसेल तिथे पेन्सिलला पेपर गुंडाळून. बफसाठी ड्रिलच्या 6 मिमी दांड्याचा शंकूसारखा फेल्ट बॉब मिळतो, त्यावर हिरवं लस्टर. वेल्डच्या कडेला दाब कमी ठेवा, वेल्डची रेघ एका बाजूला खाली गेली तर ती प्रतिबिंबात पायरीसारखी दिसते.

लेथमास्तर
फेल्ट बॉब कठीण असतो, एका जागी धरला तर खळगा पाडतो. सतत फिरता ठेवा. त्या वेगातही चमक कमी वाटली तर वळणापुरती डायमंड पेस्ट वापरा, 6 मायक्रॉन, मग 3, मग 1. पाच ग्रॅमच्या सिरिंजमध्ये येते. मुगाएवढी पेस्ट, दोन थेंब खोबरेल तेल, प्रत्येक मायक्रॉनला वेगळा फेल्टचा तुकडा. 800 वरून थेट 6 वर जाऊ नका, 1200 आणि 2000 तिथेही लागतील.